उंबरठ्यावरचा देव : मोरगावचा नंदी आणि उत्तरेचे कासव

बारामती तालुक्यात कऱ्हेच्या काठी असलेल्या मोरगावच्या मयूरेश्वर मंदिराशी आलेल्या यात्रेकरूला प्रथम सामोरा जातो तो नंदी. मंदिर उत्तराभिमुख आहे. उंच दगडी तट, तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मनोरे आणि तटाबाहेर प्रवेशद्वारासमोर गाभाऱ्याकडे तोंड करून बसलेला भव्य नंदी अशी ही रचना. गणपतीच्या देवळापुढे नंदी असणे हे शिल्पसंकेताला धरून नाही. नंदी शिवाचा. गणपतीचे वाहन म्हणून सर्वमान्य असलेला उंदीरही येथे मोठ्या आकारात घडविलेला आहे, आणि ज्याच्यावरून देवाला व गावाला नाव मिळाले तो मोर गाभाऱ्यात देवाच्या पुढ्यात आहे. मूर्तीच्या मस्तकावर नागाची फणा आहे. एका देवाभोवती इतकी जनावरे गोळा झाली आहेत, आणि त्यांपैकी आकाराने मोठा व स्थानाने पहिला नंदी हा मूळचा त्याचा नव्हेच.

या विसंगतीचा उलगडा करणारी कथा गावात सांगितली जाते. जवळच्या एका शिवमंदिरासाठी घडविलेला नंदी गाडीतून नेला जात असता ती गाडी मयूरेश्वरासमोर मोडली. नंदी तेथेच उतरवावा लागला. पुढे तो हलविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्याने कारागिराच्या स्वप्नात येऊन जाण्यास नकार दिला. आज नंदी आणि उंदीर हे दोघेही मंदिराच्या द्वाराचे राखणदार मानले जातात. एक जनावर दुसऱ्या देवाचे वाहन असूनही या देवाचा रक्षक झाले, आणि ते कसे झाले हे सांगण्यासाठी एक मोडकी गाडी पुरली.

अशा ठिकाणी प्रतीकमीमांसा बहुधा दोन मार्गांनी जाते. पहिला मार्ग कोशाचा. नंदी म्हणजे धर्म, उंदीर म्हणजे वासना, मोर म्हणजे अहंकार, कासव म्हणजे इंद्रियसंयम, अशी समीकरणे मांडून प्रतिमा 'सोडविली' जाते. युंगच्या आदिबंधाची परिभाषा मराठी समीक्षेत रुळल्यानंतर या समीकरणांना अधिक भारदस्त वेष मिळाला, परंतु रीत बदलली नाही. दुसरा मार्ग प्रसाराचा. कोठे काही सारखे दिसले की ते कोठून कोठे गेले याचा शोध सुरू होतो, आणि बहुतेक वेळा ते आपल्याकडून तिकडे गेले असा निष्कर्ष निघतो. चीन-जपानात गणपती सापडला ही वार्ता आपल्याकडे ज्या समाधानाने वारंवार सांगितली जाते, ते समाधान या दुसऱ्या मार्गाचे फलित होय. तो तेथे कोणत्या जागी सापडला, हे विचारण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

सोस्यूरने भाषिक चिन्हासंबंधी मांडलेली 'मूल्या'ची कल्पना येथे उपयोगी पडते. बुद्धिबळातील घोडा हरवला तर त्याच्या जागी एखादे बटण ठेवूनही डाव चालू राहतो. मोहऱ्याचे मूल्य त्याच्या लाकडात नसून त्याच्या घरात आणि इतर मोहऱ्यांशी असलेल्या त्याच्या नात्यात असते. रक्षक प्राण्याच्या प्रतीकाकडे असे पाहिले तर प्रश्नच पालटतो. हे जनावर काय सुचविते, याऐवजी ते कोठे बसले आहे, त्याच्या आत काय आहे, बाहेर काय आहे आणि तेथे ते नसते तर कोण असते, असे विचारावे लागते. या प्रश्नांची सर्वांत स्पष्ट उत्तरे देणारे एक उदाहरण मोरगावपासून फार दूर, चिनी पुराणकथांत सापडते. प्रसाराचा दावा करण्यासाठी त्याचा उपयोग नाही. आपल्याच द्वारी घडलेली एक गोष्ट त्याच्यामुळे नीट दिसते, एवढ्यासाठी ते पाहावयाचे.

प्राचीन चिनी विश्वरचनेत आकाशाचे चार भाग आणि त्यांचे चार प्राणी आहेत. पूर्वेचा निळा ड्रॅगन, दक्षिणेचा शेंदरी पक्षी, पश्चिमेचा पांढरा वाघ आणि उत्तरेचा 'श्वानवू', म्हणजे 'काळा योद्धा'. नाव योद्ध्याचे असले तरी रूप मात्र सापाने वेढलेल्या कासवाचे. हूपे प्रांतात १९७८ साली उत्खननात सापडलेल्या झेंगच्या यी नामक सामंताच्या समाधीत लाखेने रंगविलेली एक पेटी आहे. इ. स. पू. ४३३च्या सुमाराच्या या पेटीच्या झाकणावर अठ्ठावीस चांद्रनक्षत्रांची नावे वर्तुळाकार लिहिलेली असून दोन बाजूंना ड्रॅगन आणि वाघ आहेत. हान राजवटीपर्यंत चारही प्राण्यांची चौकट स्थिर झाली. कौलांच्या वर्तुळाकार मुखांवर, आरशांच्या पाठीवर, थडग्यांच्या भिंतींवर ते आपापली दिशा धरून दिसू लागतात. जिवंताच्या घराचे आणि मृताच्या घराचे रक्षण करणे हे त्यांचे काम. कासवाचे दीर्घायुष्य, वाघाचे बळ हे अर्थ त्यांना चिकटलेले आहेतच, परंतु थडग्याच्या उत्तर भिंतीवर कासव काढणारा चितारी दीर्घायुष्याचा विचार करीत नव्हता. उत्तर दिशा मोकळी राहू नये, एवढीच त्याची चिंता होती.

यानंतरचा इतिहास अधिक महत्त्वाचा आहे. चौघांपैकी तिघे जेथल्या तेथे राहिले. ड्रॅगनचे भाग्य स्वतंत्र आहे, पण पूर्वेचा रक्षक म्हणून त्याचा दर्जा बदलला नाही. उत्तरेचा मात्र चढत गेला. सोंग सम्राट झेनझोंग याने १०१२ साली आपल्या वंशाचा दैवी पूर्वज म्हणून ज्याला घोषित केले त्याच्या नावात 'श्वान' हे अक्षर असल्यामुळे ते उच्चारणे निषिद्ध ठरले आणि श्वानवू 'झेनवू', म्हणजे 'सत्य योद्धा', झाला. नाव बदलले तसे रूपही बदलले. मोकळे केस, अनवाणी पाय, हाती तलवार अशा मानवी देवाच्या स्वरूपात तो पुजला जाऊ लागला. उत्तरेकडून येऊन पुतण्याचे सिंहासन बळकावणाऱ्या मिंग सम्राट योंगलने आपल्या विजयाचे श्रेय याच उत्तरेच्या देवाला दिले आणि १४१२ पासून वूदांग पर्वतावर त्याच्यासाठी मंदिरांचा मोठा समूह उभारला. दिशेचा राखणदार असा राजाचा देव झाला.

अशा वेळी कासवाचे आणि सापाचे काय करावयाचे? ती दोघे तर स्वतः श्वानवूच होती. देव मानवी रूपात गाभाऱ्यात गेल्यावर त्याचे जुने शरीर बाहेर उरले. चिनी मूर्तिकारांनी ते टाकून दिले नाही. झेनवूच्या पायांशी कासव आणि साप बसले, कधी तुडविलेले शत्रू म्हणून, कधी वश झालेले सेनापती म्हणून. मग कथा आली. मिंग काळाच्या उत्तरार्धातील 'उत्तरेचा प्रवास' या कादंबरीत आणि लोककथांत असे सांगितले जाते की, साधना करीत असता या देवाने आपले पोट फाडून आतडी व जठर बाहेर काढले. त्या जठराचे कासव झाले आणि आतड्याचा साप. दोघांनी उपद्रव मांडला, तेव्हा देवाने त्यांना जिंकून आपले सेवक केले. मूळ देह हाच देवाचा टाकलेला अवयव ठरला. कालक्रम उलटा करून कथेने प्रतिमेतील विसंगती मिटविली. मोरगावची मोडकी गाडी आणि वूदांगच्या देवाचे फाडलेले पोट यांचे काम एकच आहे. पोट आणि साप यांची सांगड आपल्याकडील गणपतीच्या लोककथेतही आहे. मोदकांनी फुगलेले पोट फुटले आणि देवाने ते नाग गुंडाळून बांधले. या साम्यावरून कोणी दळणवळणाचा मार्ग आखू नये. मोरगावचा नंदीही उत्तरेलाच बसला आहे, म्हणून काही तो श्वानवू ठरत नाही.

कथा प्रतिमेच्या मागून येते याचा आणखी एक पुरावा दोन्हीकडे उंबरठ्याजवळच मिळतो. महाराष्ट्रातील प्राचीन देवळांच्या उंबरठ्यावर कोरलेले कीर्तिमुख सर्वांच्या पायाखालचे, म्हणून दुर्लक्षित. जालंधराचा दूत म्हणून आलेल्या राहूला गिळण्यासाठी शिवाच्या क्रोधातून एक प्राणी निघाला. राहूला अभय मिळाल्यावर भुकेने त्याने स्वतःचाच देह खाल्ला. उरलेल्या मुखाला शिवाने कीर्तिमुख असे नाव देऊन आपल्या दारी बसविले, असे शिवपुराण सांगते. चीनमधील शांग काळच्या काशाच्या पात्रांवर दोन डोळ्यांचे, खालचा जबडा नसलेले मुख आढळते. त्याला 'थाओथ्ये' म्हणतात. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील एका ग्रंथात त्याचे वर्णन मस्तक असलेले, धड नसलेले, माणूस गिळण्याआधीच स्वतःच्या देहाला अपाय झालेले असे येते. सोंग काळातील पुराणवस्तूंच्या अभ्यासकांनी हे नाव त्या जुन्या पात्रांवरील मुखांना लावले. पात्रे घडविणाऱ्यांनी त्या मुखाला काय म्हटले असेल याचा त्या नावावरून बोध होत नाही. धडाविना मस्तक दिसले की दोन अगदी वेगळ्या समाजांनी 'याने स्वतःला खाल्ले असणार' असा एकाच धाटणीचा तर्क केला, ही गोष्ट प्रभावाच्या कल्पनेपेक्षा अधिक विचारप्रवर्तक आहे. कथा ही येथे प्रतिमेची पहिली समीक्षा होय.

आता चीनमधील गणपतीकडे वळता येईल. तेथील सर्वांत प्राचीन कालनिर्दिष्ट गजमुख प्रतिमा हनान प्रांतातील गोंगश्येन येथील असून ती ५३१ची मानली जाते. आसनस्थ, द्विभुज, एका हातात कमळ व दुसऱ्यात चिंतामणी असे तिचे वर्णन अॅलिस गेटी यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'गणेश' या ग्रंथात केले, आणि तेव्हापासून ती गणपतीच्या दिग्विजयाचे प्रमाण म्हणून दाखविली जाते. परंतु तिच्यासोबतचा लेख तिला गणेश किंवा विनायक म्हणत नाही. तो म्हणतो 'हत्तींचा शेन-वांग'. 'वांग' म्हणजे राजा. 'शेन' या शब्दात देव, भूत आणि चैतन्य या तिन्ही छटा आहेत. असे 'शेन-वांग' त्या काळात एकटे नसत. ५४३ सालच्या, सध्या बोस्टनमधील गार्डनर संग्रहालयात असलेल्या एका बौद्ध शिलापट्टाच्या बैठकीवर असे दहा राजे नावांनिशी कोरलेले आहेत. त्यांत सिंहाचा आहे, हत्तीचा आहे, पक्ष्याचा आहे, वाऱ्याचा, पर्वताचा आणि वृक्षाचाही आहे. वर बुद्ध, खाली बैठकीच्या पट्टीत रांगेने हे रक्षक. गजमुख देव तेथे दहांतला एक आहे. त्याचा सोंडेचा आकार आपल्या ओळखीचा म्हणून आपण त्याला रांगेतून उचलून घेतो.

दुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांतील २८५ क्रमांकाच्या लेण्यातही हेच दिसते. लेण्यात ५३८ आणि ५३९ या वर्षांचे लेख आहेत. पश्चिम भिंतीवर महेश्वर आहे आणि त्याच्या खालच्या बाजूस कुमार व विनायक आहेत. शिवपरिवार ओळखता येतो. पण सारा परिवारच बुद्धाच्या कोनाड्याशेजारी पहाऱ्यावर उभा आहे. पुढे आठव्या शतकात अमोघवज्रासारख्या आचार्यांच्या काळात तांत्रिक ग्रंथ चिनी भाषेत आले, तेव्हा विनायकाचे स्थान आणखी संदिग्ध झाले. तो विघ्ने आणणारा, म्हणून वश करून घ्यावयाचा. जपानमध्ये तो कांगितेन या नावाने पुजला गेला, पण त्याची मूर्ती बहुधा दृष्टीआड ठेवली जाते. नालंदा येथे सापडलेल्या एका मूर्तीत तर अपराजिता ही बौद्ध देवता गणपतीला पायाखाली तुडवीत आहे. झेनवूच्या पायाखालच्या कासवाची जागा येथे गणपतीला मिळाली आहे.

दिग्विजयाच्या कथेत हे सारे अडचणीचे म्हणून वगळले जाते. मात्र वगळल्यामुळे हानी आपलीच होते. कारण चीनने विनायकाला जी जागा दिली ती त्याची भारतातील जुनी जागा होती. मानवगृह्यसूत्रात विनायक एक नसून चार आहेत, आणि ते झपाटणारे आहेत. त्यांनी पछाडलेल्या राजपुत्राला राज्य मिळत नाही, उपवर कन्येला पती मिळत नाही, शेतकऱ्याचे पीक बुडते आणि विद्वान असूनही अध्यापकाला आचार्यपद लाभत नाही. (या शेवटच्या लक्षणाचे अध्ययन विद्यापीठांच्या परिसरात आजही करता येण्यासारखे आहे.) याज्ञवल्क्यस्मृतीत हे चार एकवटून अंबिकेचा पुत्र असा एक विनायक होतो आणि विघ्नांसाठीच त्याची गणांच्या आधिपत्यावर नेमणूक होते. विघ्न करणारा तोच विघ्न हरणारा, हा विरोधाभास केवळ तत्त्वज्ञानाने सुटत नाही. दारावरचा पहारेकरी ध्यानात घेतला की तो सहज सुटतो. आत सोडणे आणि अडविणे ही एकाच हुद्द्याची दोन कामे आहेत. चिनी शिल्पांत थडग्यांसमोर बसविलेल्या पंखधारी सिंहसदृश प्राण्याला 'बीश्ये', म्हणजे 'अनिष्ट दूर करणारा', असे नाव आहे. विघ्नहर्ता या पदाचा तो जवळचा भाषिक सोबती म्हणावा लागेल. सिंह तर चीनच्या अरण्यांतला नव्हेच. पार्थियाकडून हान दरबारी तो नजराणा म्हणून आल्याची नोंद ८७ सालची आहे. अनोळखी जनावर दारावर बसविण्यास अधिक सोयीचे ठरले असावे.

शिवपुराणातील गणेशजन्माची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. पार्वतीने आपल्या अंगच्या मळाचा मुलगा केला तो खेळविण्यासाठी नव्हे. शिवाचे गण तिच्या दाराशी असूनही ते तिचे नव्हते. तिला स्वतःचा द्वारपाल हवा होता. त्या मुलाने नेमलेले काम चोख बजावले, घरधन्यालाच अडविले आणि मस्तक गमावले. हत्तीचे मस्तक त्याला मिळाले ते या कर्तव्याच्या मोबदल्यात, आणि गणांचे आधिपत्यही. म्हणजे कथेच्या आरंभी तो दाराबाहेर आहे, शेवटी तो सर्वांआधी पूजेचा धनी आहे. श्वानवूचा प्रवास आणि हा प्रवास यांची दिशा एक आहे, पण एक भेद फार मोलाचा आहे. श्वानवू वर गेला तेव्हा त्याने पशुरूप पायाशी सोडले. विनायक वर गेला तो पशूचे मस्तक घेऊनच. चिनी देवाला राजा होण्यासाठी माणूस व्हावे लागले. गणपतीच्या बाबतीत पहाऱ्यावरच्या जनावराची खूण देवाच्या चेहऱ्यावरच राहिली.

ती खूण मराठी घरात दारावर राहिली आहे. वाड्याच्या दरवाजाची गणेशपट्टी हे गणपतीचे जुने ठाणे. देवघरात मूर्ती असली तरी चौकटीच्या वर तो असतोच. जे घराचे तेच ग्रंथाचे. मंगलाचरण ही ग्रंथाची गणेशपट्टी होय, आणि आरंभ करण्याला 'श्रीगणेशा करणे' म्हणणाऱ्या भाषेने उंबरठ्याचे काम देवाच्या नावात कायमचे मुरवून टाकले. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) पहिल्या अध्यायातील गणेशरूपकाकडे केवळ काव्यसौंदर्याच्या दृष्टीने पाहण्याची आपली सवय आहे. तेथे गणेश हा शब्दब्रह्माचाच देह आहे, अठरा पुराणे त्याची भूषणे आहेत, षड्दर्शने त्याचे सहा हात आहेत. दाराशी बसलेला रक्षक येथे एकाएकी सगळे घर होतो. तरीही त्याचे काम सुटलेले नाही. त्याच्या हातातील मोडका दात हा ज्ञानदेवांच्या रूपकात खंडित झालेल्या बौद्धमताचे चिन्ह आहे. कोण आत येणार आणि कोण नाही हे ठरविणारा पहारेकरी त्या दातातून अजून डोकावतो. ज्या शतकांत गोंगश्येन व दुनह्वांग येथील गजमुख बुद्धाचा पहारा करीत होता त्यांच्याशेजारी हे रूपक ठेवले म्हणजे स्थानाने अर्थ किती पालटतो हे वेगळे सांगावे लागत नाही. तीच सोंड, तोच देह. एका दारी बौद्धांचा रक्षक, दुसऱ्या दारी बौद्धांना अडविणारा.

मोरगावला या साऱ्या इतिहासाची परिणती दिसते. गाणपत्य संप्रदायाचे हे आद्यपीठ. मोरया गोसावींच्या काळाविषयी मतभेद असले तरी चिंचवडच्या देवस्थानाचे मोरगावशी असलेले नाते त्यांच्यापासूनचे, आणि मंदिराची व्यवस्थाही त्याच देवस्थानाकडे आहे. पेशव्यांच्या गणेशभक्तीने या परंपरेला राजाश्रयाचे बळ दिले. वूदांगला योंगल मिळाला तसे हे. संप्रदायाच्या दृष्टीने मयूरेश्वर कोणाचा पुत्र म्हणून, कोणाचा गण म्हणून मोठा नाही. तो परब्रह्म आहे. क्षेत्रवर्णनात त्याच्या चार दिशांच्या द्वारांशी चार देवदंपती आणि चार पुरुषार्थ जोडलेले आहेत, आणि त्या दंपतींमध्ये शिवपार्वतीही आहेत. मातापिता आता पुत्राच्या एका दाराशी उभे आहेत. चिनी रचनेत चार दिशांना चार प्राणी, येथे चार दिशांना देव. गाभाऱ्यातील सत्ता जितकी चढली तितके दारावरचे मानकरीही चढले.

गणेशपुराणानुसार मयूरेश्वर हा त्रेतायुगातील अवतार. षड्भुज, मयूरवाहन, सिंधू दैत्याचा वध करणारा. कृतयुगात त्याचे वाहन सिंह, द्वापारात उंदीर, कलियुगात घोडा. वाहन युगागणिक बदलते याचा अर्थ ते ज्या घरात बसते ते घर कायम आणि मोहरे बदलते. मोराची मात्र एक स्वतंत्र कथा आहे, आणि तिच्यात दारावरच्या जनावराने प्रथमच काही मागितले आहे. अंड्यातून निघालेला मोर बालगणेशाशी झुंजतो, हरतो आणि वाहन होण्यास कबूल होतो. पण तुझ्या नावाआधी माझे नाव यावे, असा वर मागून घेतो. 'मयूरेश्वर' या समासाची ही व्युत्पत्ती व्याकरणाच्या दृष्टीने अनावश्यक आहे. तरी पुराणकाराला ती आवश्यक वाटली. शब्दातसुद्धा देवाआधी वाहन येते, उंबरठ्याआधी राखणदार येतो, याची दखल त्याने घेतली. देवाचे नाव उच्चारणाऱ्याला मोराच्या दारातून जावे लागते. पुढे गणेशाने तो मोर स्कंदाला देऊन टाकला असेही सांगतात. मोर हा स्कंदाचा म्हणून सर्वत्र प्रसिद्ध असताना मोरगावला गणपती त्याच्यावर कसा, या शंकेचा बंदोबस्त तेवढ्यात होतो. नग्नभैरवाचे दर्शन आधी घ्यावे हा तेथील संकेतही या पदक्रमाचाच भाग आहे. क्षेत्रपालाला चुकवून धन्याकडे जाता येत नाही.

देव आत गेला की दार मोकळे पडते. शिवाच्या दारी जो स्वतः उभा होता तो मोरगावला सिंहासनावर आहे, तेव्हा त्याच्या दाराशी उभे राहणार कोण? उंदीर होता, पण परब्रह्माच्या राजद्वाराला उंदीर, कितीही मोठा घडविला तरी, अपुरा पडला असावा. शिवाच्या दाराचा अनुभव असलेला आणि आकाराने द्वार भरून टाकणारा एकच प्राणी परंपरेला ठाऊक होता. शिल्पसंकेताच्या दृष्टीने नंदी येथे चुकून आला आहे. स्थानाच्या तर्काने पाहिले तर दुसरे कोणी येऊ शकत नव्हते. पूर्वी ज्याला शिवाच्या आज्ञेने दारातून हटविले गेले, त्याच्या दारावर आता शिवाचाच नंदी बसला आहे, आणि तो तेथून हलण्यास नकार देतो. लोककथेने नंदीच्या तोंडी घातलेला हा नकार, दारातून हलण्यास नकार देणाऱ्या पार्वतीच्या त्या मुलाच्या नकाराची आठवण करून देतो.

जेजुरीला, याच कऱ्हेच्या परिसरात, खंडोबाच्या देवळापुढे पितळी पत्र्याने मढविलेले मोठे कासव आहे. त्याच्यावर भंडारा उधळला जातो, भक्त त्याच्यावर बसतात, उभे राहतात. ते कोणाचे वाहन नाही आणि त्याच्या तेथे असण्याबद्दल खुलासा करणारी कथाही लागत नाही, कारण देवळापुढे कासव असणे महाराष्ट्रात रूढ आहे. प्रतिमा आपल्या घरात बसलेली असली म्हणजे कथा मुकी राहते. मोरगावच्या नंदीला कथा लागली. त्या कथेत गाडी कोठून निघाली होती हे सांगितले जात नाही. ज्या शिवमंदिरासाठी तो घडविला गेला तेथे नंतर दुसरा नंदी बसविला गेला, की त्या देवापुढची जागा तशीच रिकामी राहिली, याविषयीही ती काही बोलत नाही.